स्टुडबेकर बुडाली की बंद केली?

इंडियानाकर
नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे राहून गेले. चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी ३१ वर्षं काढली, आधी फिटर आणि नंतर टूलरूमचे फोरमन. आम्ही त्यांच्यासाठी नायगारा, शिकागो अशी यादी करून ठेवली होती. बाबांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "जवळपास एखादा कारखाना बघायला मिळेल का रे?"

आमच्यापासून इंडियानातलं साउथ बेंड गाडीने दीड तासावर. तिथं स्टुडबेकर या जुन्या मोटार कंपनीचं संग्रहालय आहे, म्हणून त्यांना घेऊन गेलो. मला वाटलं होतं तासाभरात बाहेर पडू. चार तास लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेन्री आणि क्लेमंट या स्टुडबेकर भावांनी १८५२ च्या फेब्रुवारीत साउथ बेंडला लोहारकामाचं दुकान काढलं. भांडवल ६८ डॉलर, भट्ट्या दोन. पुढे आणखी तीन भाऊ आले. यादवी युद्धात सैन्याला लागणाऱ्या घोडागाड्या इथूनच गेल्या आणि काही वर्षांतच ते जगातल्या सर्वांत मोठ्या गाडेवाल्यांपैकी एक झाले. १९०२ मध्ये त्यांनी बॅटरीवर चालणारी मोटार काढली आणि १९०४ मध्ये पेट्रोलवरची. अमेरिकेत घोडागाडीपासून मोटारीपर्यंत सलग टिकलेली एवढी मोठी कंपनी दुसरी नाही. संग्रहालयात लिंकन ज्या बग्गीतून हत्येच्या रात्री नाटकाला गेले ती बग्गीही आहे. ती स्टुडबेकरने बनवलेली नाही, पुढे विकत घेतलेली आहे, पण तिच्यासमोर आवाज आपोआप खाली येतो.

आणि मग लाल रंगाची डेटोना. २० डिसेंबर १९६३ ला साउथ बेंडच्या लाइनवरून उतरलेली शेवटची मोटार. बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून दाराची फट बघितली, वरपासून खालपर्यंत. म्हणाले, "शेवटच्या दिवशीसुद्धा दार नीट बसवलंय बघ."

परत येताना मी सहज बोललो, "एवढी जुनी कंपनी, पण बुडाली शेवटी." बाबा एकदम म्हणाले, "बुडाली म्हणू नकोस. बंद केली. बुडणं वेगळं आणि बंद करणं वेगळं." घरी पोचेपर्यंत आमचा हाच वाद. त्यानंतर मिळेल ते वाचतोय, तरी मन एका बाजूला ठरत नाही.

तुम्हाला काय वाटतं? इथं मोटारीतले, हिशोबातले, युनियनमधले सगळे आहेत, म्हणून धागा काढला.

शेंगदाणा
नाव वाचून पाव-खारीवाले असतील असं वाटून धागा उघडला. आता शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जात नाही. वाचनखूण साठवली.

लोहारवाडी
दोन भट्ट्या आणि ६८ डॉलर वाचून आमचं अंगण आठवलं. माझे आजोबा बारामतीकडच्या एका गावात लोहार. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायचा दिवस म्हणजे अख्ख्या आळीचा दिवस असायचा.

लाकडाचं काम सुताराचं: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरच्या कडेचे पुठ्ठे. लोखंडी धाव आमची. धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची. किती लहान, ते आजोबा नजरेनं आणि एका दोरीनं ठरवायचे. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचून त्यात धाव ठेवायची आणि पेटवायचं. लोखंड लाल झालं, फुललं की तीन माणसं लांब सांडशींनी उचलून पुठ्ठ्यांवर बसवायची. क्षणात लाकूड धुपायला लागायचं. लगेच घागरी ओतायच्या. चर्र आवाज, पांढरी वाफ, आणि त्या वाफेतून लाकूड कडकड बोलायचं. धाव आवळत जाते तसे आरे तुंब्यात घट्ट बसतात. आजोबा चाकाला कान लावून ऐकायचे. एखादा आरा 'बोलला' नाही तर चाक परत सुताराकडे.

साउथ बेंडच्या भावांनी दुसरं काय केलं असणार? हेच. म्हणून मला वाटतं, ज्यांनी चाक कळल्यावर मोटार केली त्यांना मोटार परकी वाटली नसेल. तुझ्या बाबांनी दाराची फट बघितली ते फार आवडलं.

घाटमाथा
लोहारवाडी, प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा मुद्दा छोटा. आपण घाटातली माणसं, म्हणून स्टुडबेकरचे आभार मानायला हवेत. चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय आज नव्या गाडीत मिरवतात ना, ती स्टुडबेकरने १९३६ मध्ये दिली होती. नाव 'हिल होल्डर'. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. ब्रेकच्या नळीत एक छोटी गोळी. गाडी चढावर तोंड करून थांबली की गोळी मागे घरंगळते. ब्रेक दाबून क्लच दाबला की ती ऑइलचा रस्ता अडवून धरते, मग ब्रेकवरचा पाय काढला तरी चाकं आवळलेलीच. क्लच सोडला की रस्ता मोकळा.

मी गाडी शिकलो तेव्हा खंबाटकीत पुढे उसाचा ट्रक, मागे एसटी, मधे आमची जुनी फियाट. एक हात हँडब्रेकवर, पाय थरथरतोय, आणि शेजारी काका "घाबरू नको, घाबरू नको" म्हणत स्वतःच दाराची कडी धरून बसलेले. ती एक गोळी असती तर काकांचं रक्त आटलं नसतं.

इंडियानाकर
@घाटमाथा, हे मला माहीत नव्हतं. बाबांना रात्रीच फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गोळीच्या जागेवरचं फिनिश कसं असेल रे?"

भावांचं राहिलं होतं, ते लिहितो. मधला भाऊ जॉन मोहलर १८५३ मध्ये सोन्याच्या नादानं कॅलिफोर्नियाला गेला. प्लेसरव्हिलला पोचला तेव्हा खिशात ५० सेंट. तिथं एका दुकानदाराने त्याला खाणीवाल्यांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवायला बसवलं. एकेक ढकलगाडी १० डॉलरला जायची. पाच वर्षांत त्याने ८,००० डॉलर साठवले आणि १८५८ मध्ये घरी आला. नाव पडलं 'ढकलगाडी जॉनी'.

तोवर घरात पेच पडला होता. थोरला हेन्री डंकर पंथाचा. त्या पंथात युद्ध निषिद्ध. सैन्यासाठी गाड्या करणं त्याच्या मनाला पटेना. जॉनने त्याचा वाटा विकत घेतला आणि हेन्री शेतीकडे वळला. कंपनीची भरभराट त्याच सैन्याच्या गाड्यांवर झाली. हेन्री मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जवळचा वाटतो. भरल्या धंद्यातून केवळ मनाला पटत नाही म्हणून उठणं सोपं नसतं.

शेंगदाणा
म्हणजे सोनं खणणारे राहिले कोरडे आणि घमेली-पाट्या पुरवणाऱ्याचं झालं चांगभलं. आमच्या यात्रेत देवापेक्षा नारळवाल्याची कमाई जास्त, तसं.

खतावणी
ताळेबंद वाचणं हाच माझा धंदा, तेव्हा माझी बाजू मांडतो. स्टुडबेकर दोनदा मेली आणि पहिलं मरण स्वतःच्या हाताने ओढवलेलं होतं.

अल्बर्ट अर्स्किन अध्यक्ष. माणूस कर्तबगार, कंपनी त्याने वाढवली. १९२८ मध्ये पीअर्स-ॲरो ही श्रीमंतांची गाडी बनवणारी कंपनी ताब्यात घेतली. मग मंदी आली. अर्स्किनला ठाम वाटत होतं की हे दोन दिवसांचं दुखणं आहे. त्यामुळे १९३० आणि १९३१ मध्ये नफा आटला असतानाही त्याने नफ्यापेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला. गंगाजळी मोडून. घरात धान्य नाही आणि दारात जेवणावळी, अशातली गत. त्यात रॉकनी नावाची स्वस्त गाडी काढली. नोत्र दाम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांचं नाव तिला दिलेलं. ते मार्च १९३१ मध्ये विमान अपघातात गेले होते. गाडी चालली नाही. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये अर्स्किनने आयुष्य संपवलं.

तिथून पॉल हॉफमन आणि हॅरोल्ड व्हान्स या दोघांनी कंपनी वर काढली. १९३९ ची चॅम्पियन ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी याच काळातली. हॉफमन पुढे युरोप उभा करणाऱ्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले. एक कंपनी उभी करून दाखवलेल्या माणसाला खंड उभा करायला दिला.

सांगायचं ते असं, की वाचवायची इच्छा असेल तर न्यायालयातून परत आणता येते. १९६३ ला ती इच्छा नव्हती. बाबांशी सहमत.

मोकळंमत
असहमत. इच्छेने मोटारी विकल्या जात नाहीत. साउथ बेंडचे पगार मोठ्या मोटार कंपन्यांच्या डेट्रॉइटपेक्षा वरचढ होते, तुकड्यावर दर होते, आणि कंपनी संप नको म्हणून प्रत्येक करारात मान तुकवत गेली. युद्धानंतर गाड्या हातोहात जात होत्या तेव्हा ते खपलं. १९५३ पासून फोर्ड आणि शेव्हरोलेची किमतींची लढाई पेटली. त्या दोघांच्या मारामारीत छोटे चिरडले. एक साचा करायला जो खर्च येतो तो पाच लाख गाड्यांवर वाटणं आणि दीड लाखांवर वाटणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुडालीच. कामगारांनी वेळीच ओळखायला हवं होतं.

गिरणगावची_लेक
@मोकळंमत, शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते.

ऑगस्ट १९५४ मध्ये साउथ बेंडच्या कामगारांनी मतदान करून स्वतःची पगारकपात मान्य केली होती. आधी नाही म्हणाले, मग विचार करून हो म्हणाले. आपल्या हाताने स्वतःचा पगार कमी करून घेणं म्हणजे आणखी काय ओळखायचं राहतं? आणि कंपनी जाहिरात कसली करायची, तर 'आमच्याकडे बाप-लेक एकाच छताखाली काम करतात' अशी. फोटोत म्हातारा बाप आणि तरुण मुलगा एकाच इंजिनावर वाकलेले. तो विश्वास त्यांनी विकलाही आणि वापरलाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. सगळे म्हणायचे महिन्याभराचा प्रश्न आहे. दादांनी, म्हणजे वडिलांनी, डबा घासून फळीवर पालथा घातला, "लागेलच परत" म्हणून. तो डबा आईने पुढे कित्येक वर्षं हलवू दिला नाही. तिने खानावळ चालवली. देणी मिळायला आम्हाला इतकी वर्षं लागली की तोवर दादांना नीट दिसेनासं झालं होतं.

संप चूक की बरोबर हा वाद इथं नको. पण "कामगारांनी ओळखायला हवं होतं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आणि ते म्हणणाऱ्याला हिशोबाची वही कधी कामगाराला दाखवावीशी वाटलेली मी बघितली नाही.

मोकळंमत
ताई, माफ करा. १९५४ ची पगारकपात मला माहीत नव्हती. ते वाक्य मागे घेतो. साच्याच्या खर्चाचा मुद्दा मात्र ठेवतो.

बोल्टनट
साचा आणि जिग यांतच हयात चालली आहे, तेव्हा @मोकळंमत यांच्या मुद्द्याला पुढे नेतो.

१९५३ चा दोन दारांचा स्टुडबेकर कूपे बघा. डिझायनर रेमंड लोवींच्या स्टुडिओत रॉबर्ट बुर्क यांनी काढलेली गाडी; इतकी देखणी आणि बसकी अमेरिकन गाडी त्या काळात दुसरी नव्हती. लोकांच्या रांगा लागायला हव्या होत्या, आणि लागल्याही. पण शॉप फ्लोरवर काय झालं? चासी इतकी लवचीक केली होती की इंजिन बसवलं की वजनाने फ्रेम वाकायची आणि पुढचे पत्रे जुळायचेच नाहीत. पत्रा बसवणारा एकीकडे ओढतोय, दुसरा दुसरीकडे. लाइन रखडली. शिवाय कंपनीने अंदाज बांधला होता की लोक चार दारांची सेडान जास्त घेतील. लोकांना हवा होता कूपे. जे हवं ते बनत नाही आणि जे बनतंय ते हवं नाही. हंगाम गेला.

दुसरं, कारखाना. साउथ बेंडच्या इमारती जुन्या, विटांच्या, अनेक मजली. बॉडी वरच्या मजल्यांवर तयार व्हायची आणि मग खाली, पलीकडे, परत वर. ज्याने कारखान्यात एक दिवस काढलाय त्याला विचारा, माल नुसता फिरवण्यात किती पैसा जातो. डेट्रॉइटवाले एका मजल्यावर सरळ रेषेत काम करत होते.

१९५४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅकार्ड आणि स्टुडबेकर एक झाले. त्यानंतर पॅकार्डच्या माणसांनी हिशोब काढला तर कळलं, तोटा टाळायला वर्षाला २,८२,००० गाड्या विकायला लागतील. स्टुडबेकरने आधी सांगितला होता १,६५,००० चा आकडा. लग्नानंतर कर्ज कळावं तसं झालं. १९५८ नंतर पॅकार्ड हे नावच गाडीवरून गेलं.

माझं मत: १९५३ च्या त्या वाकणाऱ्या फ्रेमपाशी कंपनी बुडायला लागली. १९६३ ला फक्त शटर ओढलं.

रानवारा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. रशियात शिकायला होतो तेव्हा एका म्हाताऱ्या शिक्षकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पांमध्ये 'स्टुडर' हा शब्द इतक्या मायेने उच्चारला की मला आधी वाटलं एखाद्या घोड्याचं नाव असेल. तो स्टुडबेकरचा सहा चाकं ओढणारा यूएस-सिक्स ट्रक. असे साधारण दोन लाख बनले आणि त्यांतले बहुतेक सोव्हिएत सैन्याला गेले. बरेचसे इराणमध्ये जोडून उत्तरेला पाठवले. चिखलात अडकत नाही म्हणून कात्यूशा रॉकेटं त्याच्यावर चढवली गेली. हेन्री स्टुडबेकर सैन्याला गाड्या नकोत म्हणून उठला होता, हे वरती वाचल्यावर मला एकदम शांत बसावंसं वाटलं.

दादरकरीण
आमच्या आजोबांच्या मालकांकडे स्टुडबेकर होती. आजोबा तिचे ड्रायव्हर. ते 'स्टुडीबेकर' म्हणायचे आणि आम्ही सुधारलं तर रागवायचे. युद्धानंतर आलेलं ते मॉडेल, मागची काच एवढी मोठी आणि वळवून पुढे आणलेली की गाडीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली कळेना. अमेरिकेतही लोक म्हणे हाच विनोद करायचे, की ही गाडी येतेय का जातेय. आजोबा सांगायचे, दादरला पोरं दोन्ही बाजूंनी धावत यायची आणि पैज लावायची.

गाडी विकली त्या दिवशी आजोबांनी ती धुतली, शॅमॉयने पुसली आणि मगच किल्ली दिली. नंतर त्यांनी फियाट चालवली, ॲम्बॅसेडर चालवली, पण 'गाडी' हा शब्द त्यांनी तिच्यासाठीच ठेवला होता.

बोल्टनट
@दादरकरीण, उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्सनेही सुरुवातीच्या काळात स्टुडबेकर जोडल्या होत्या. तुमच्या आजोबांची तिथली की थेट बोटीने आलेली?

दादरकरीण
बोटीने आलेली. ॲलेक्झांड्रा डॉकवर आणायला आजोबाच गेले होते, हे ते प्रत्येक दिवाळीत सांगायचे.

खतावणी
आता जो मुद्दा कोणीच काढला नाही तो काढतो, कारण माझ्या मते या धाग्याचं उत्तर तिथं आहे. पेन्शन.

१९५० मध्ये कंपनी आणि युनियनने पेन्शन योजना केली. जुन्या माणसांची आधीची सेवाही धरली. चांगलीच गोष्ट. पण त्या जुन्या सेवेचे पैसे लगेच भरायचे नव्हते, पुढच्या अनेक वर्षांत हप्त्याहप्त्याने भरायचे होते. म्हणजे ताटात वाढलंय असं दिसतंय, पण भात अजून चुलीवर. मधल्या वर्षांत करारागणिक पेन्शनचा दर वाढवला, तसतशी पुढची देणी फुगत गेली. कारखाना चालू आहे तोवर कोणाला काही जाणवत नाही.

कारखाना बंद झाल्यावर योजना मोडली तेव्हा तिच्यात साधारण १०,५०० माणसं होती. जे निवृत्त झाले होते किंवा साठीला पोचले होते, अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, हक्क पक्का झालेले सुमारे ४,००० जण. त्यांना डॉलरमागे १५ सेंट. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच नाही. विचार करा, एकाच बाकावर डबा खाणारे दोघे. एक साठचा, एक एकोणसाठचा. दोघांनी तितकीच वर्षं घासलेली.

यात कोणी पैसे चोरले नाहीत. कायदा मोडला नाही. तसा कायदाच नव्हता. म्हणूनच अमेरिकेत ओरड झाली, सिनेटर जेकब जॅव्हिट्स वर्षानुवर्षं मागे लागले आणि २ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पेन्शनचा कायदा सही केला. योजना बुडाली तरी किमान पेन्शनची हमी देणारी सरकारी संस्था त्याच कायद्याने आली.

आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, म्हणजे स्टुडबेकरच्या शंभरीचं वर्ष. आपल्या पीएफमध्ये पैसे दर महिन्याला खात्यावर पडतात, तुमच्या नावाने. व्याज कमी-जास्त होईल, पण कारखान्याला कुलूप लागलं म्हणून जमा झालेली रक्कम १५ टक्क्यांवर येत नाही. हा फरक घरातल्या तरुणांना समजावून सांगा. पगाराची चिठ्ठी आली की कपात झाली एवढं बघू नये, ती खात्यावर पोचली का ते बघावं.

गिरणगावची_लेक
एकाच बाकावर डबा खाणारे दोघे. आता झोप येणार नाही.

माझ्या मुलाला आत्ता उठवून त्याचं पीएफ पासबुक उघडायला लावलं. मागच्या दोन महिन्यांची रक्कम दिसत नाहीये. सोमवारी ऑफिसात विचारेल. धन्यवाद खतावणीसाहेब.

घाटमाथा
स्टुडबेकरच्या अव्हांटी या गाडीचा विषय कोणीच कसा काढला नाही? १९६१ मध्ये शेरवूड एग्बर्ट अध्यक्ष झाले. त्यांना शोरूममध्ये गर्दी खेचणारी गाडी हवी होती आणि तीही ताबडतोब. लोवी तीन माणसं घेऊन पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात एका घरात बसले आणि काही आठवड्यांत गाडी काढून दिली. पुढे जाळी नाही, हवा बंपरखालून जाते. फायबरग्लासची बॉडी. १९६२ मध्ये दाखवली तेव्हा लोक वेडे झाले. पण बॉडी बाहेरून बनून यायची, ती नीट जुळेना, गाड्या वेळेवर पोचेनात, ऑर्डरी गळाल्या. साधारण साडेचार हजारच बनल्या. एग्बर्ट कर्करोगाने आजारी पडले आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी पद सोडलं. ९ डिसेंबरला कारखाना बंद करण्याची घोषणा.

आजही फोटो बघा, कालची वाटते. साउथ बेंडच्याच दोन डीलरांनी तिचे साचे विकत घेतले आणि कंपनी गेल्यावरही ती गाडी हाताने बनवत राहिले. ज्याला विकायची होती त्यालाच ती सोडवेना, हे मला फार मोठं वाटतं.

बोल्टनट
परत जुळणीच! १९५३ ला पत्रे, १९६२ ला फायबर. चित्र काढणारे उत्तम, फिटिंगला वेळ द्यायला कोणी तयार नाही.

चिंचवडवाला
मी बाहेरून मालपुरवठा करणारा, छोटा. दोन सीएनसी, एक प्रेस. मोठा कारखाना बंद होतो तेव्हा बातमी त्याच्या कामगारांची येते, आमची येतच नाही. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली, एवढं सगळ्यांना माहीत. पण एखाद्याच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या वर्कशॉपात काय होतं ते मी माझ्या अनुभवाने सांगू शकतो. आमचं गिऱ्हाईक वेगळं होतं, नाव घेत नाही. खास त्यांच्या पार्टसाठी केलेल्या डाय, म्हणजे साचे, माझ्याकडे अजून पडून आहेत. भंगारात किलोवर जातील. माझ्या हेल्परने ग्रीस लावून, कापड गुंडाळून ठेवल्यात. दर पावसाळ्याआधी परत लावतो. मी त्याला कधी नको म्हटलं नाही.

इंडियानाकर
मंडळी, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रविवारी बाबांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. सव्वा तास लागला. मधे दोनदा आई म्हणाली जेवून घ्या, ते उठले नाहीत.

आता मूळ प्रश्नावर येतो. मी शोधलेली एक गोष्ट बाबांच्या बाजूची आहे. डिसेंबर १९६३ ला साउथ बेंडमध्ये सुमारे सात हजार माणसं घरी गेली, पण मोटारी कॅनडात हॅमिल्टनला मार्च १९६६ पर्यंत बनत होत्या. आणि स्टुडबेकर कॉर्पोरेशन तर त्यानंतरही होतीच. तिने दरम्यान बरेच दुसरे धंदे विकत घेतले होते; इंजिनात घालायचं एसटीपी तेल त्यातलंच. १९६७ मध्ये ती वर्दिंग्टन कंपनीशी एक झाली आणि स्टुडबेकर-वर्दिंग्टन या नावाने पुढे चालली. म्हणजे दुकान बंद झालं, पेढी चालू राहिली.

हे ऐकून बाबा जिंकल्यासारखे बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या बोल्टनटांचंही खरं आहे. फ्रेम वाकत होती तेव्हा कोणीतरी टूलरूममधला बोललाच असणार. त्याचं कोणी ऐकलं नसेल. तिथून बुडायला लागली. मग बुडतेय म्हणून बंद केली. पण एकोणसाठवाल्याला जे दिलं, ते बुडाल्यामुळे नाही. ते आधीच ठरलेलं होतं, कोणी त्याला सांगितलं नव्हतं."

मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "तो चिंचवडवाला कुठल्या ब्लॉकमध्ये आहे? डाय कापडात नको म्हणावं, कापड ओल धरतं. मेणकागद गुंडाळ म्हणावं."

चिंचवडवाला
सांगतो त्याला आजच. बाबांना नमस्कार सांगा. मी तुमच्या घरापासून लांब नसेन, व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. चहाला या म्हणावं.

लोहारवाडी
इंडियानाकर, आमच्या शेजारच्या गावात एक म्हातारे अजून वर्षातून एखादी धाव चढवतात, शर्यतीच्या गाड्यांसाठी. दिवाळीनंतर एक काम आहे असं कळलंय. बाबांना यायचं असेल तर पुण्याहून माझ्या गाडीत घेऊन जाईन.

इंडियानाकर
बाबांना विचारलं. म्हणाले, येतो. पण आधी हे विचार, की एका चाकाला गोवऱ्या किती लागतात, आणि धाव किती लहान ठेवतात ती दोरी अजून कोणाकडे आहे का.

लोहारवाडी
गोवऱ्या दोन पाट्या, शेणी चांगल्या वाळलेल्या असतील तर. दोरी माझ्याकडे आहे. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलीय. घेऊन येतो.